विश्लेषण : दहीहंडीच्या थरांवर बंदी हवी, की थरांच्या बक्षिसांवर?

१६ ऑगस्टला ठाण्यात वर्तकनगरच्या हंडीला जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर लावले आणि २५ लाखांचे बक्षीस मिळवले. तो व्हिडीओ संध्याकाळपर्यंत बोईसर, चिंचणी, डहाणूतल्या मोबाइलवर फिरत होता. त्याआधी सहा दिवस, १० ऑगस्टला, दहिसरमध्ये सरावात वरच्या थरावरून पडून ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तो व्हिडीओ कुणी फिरवला नाही. थरांच्या उंचीवर मर्यादा असावी का, हा वाद दरवर्षी गोकुळाष्टमीला निघतो आणि गौरी-गणपतीच्या गडबडीत विरतो. यंदा तो विरण्याआधी नीट पाहायला हवा.

यंदा नेमके काय घडले?

दहीहंडीच्या दिवशी मुंबईत ३००हून अधिक गोविंदा जखमी झाले आणि दोघांचा मृत्यू झाला. यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. मानखुर्दमध्ये ज्या ३२ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला, तो थरावर नव्हता. हंडीचा दोर बांधताना तो खाली पडला. म्हणजे उंचीची मर्यादा पाळली असती तरी तो अपघात टळला नसता. उलट दहिसरचा मुलगा उत्सवाच्या दिवशी नव्हे, तर सरावात गेला. तिथे ना आयोजक असतो, ना पोलीस बंदोबस्त, ना रुग्णवाहिका. गल्लीतली मोकळी जागा, रात्रीची वेळ आणि दिवसभराचे काम उरकून आलेली मुले, एवढेच असते. त्या प्रकरणात पथकाच्या पदाधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला. पण सरावाची जागा कुणी तपासायची, तिथे गादी आहे की नाही हे कुणी पाहायचे, याचे उत्तर अजून कुणाकडे नाही.

न्यायालयाने उंचीवर मर्यादा घातली होती ना?

घातली होती, आणि ती काढलीही गेली. हा प्रवास नीट माहीत नसल्यामुळे ‘कोर्टाची बंदी आहे’ आणि ‘कोर्टाने परवानगी दिली आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच चहाच्या टपरीवर तितक्याच ठामपणे ऐकू येतात.

११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्वाती पाटील यांच्या याचिकेवर निकाल दिला. थरांची उंची २० फुटांपेक्षा जास्त नको आणि १८ वर्षांखालील मुलांना थरात घ्यायचे नाही. (योगायोग असा, की पालघर जिल्हा त्याच महिन्याच्या १ तारखेला अस्तित्वात आला होता. त्यामुळे या जिल्ह्याची प्रत्येक दहीहंडी या वादाच्या सावलीतच झाली आहे.) तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि त्या वर्षी फक्त १२ वर्षांखालील मुलांना मज्जाव राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच २० फूट आणि १८ वर्षे या दोन्ही अटी पुन्हा लागू केल्या, आणि त्या शिथिल करण्याची पथकांची विनंतीही फेटाळली. पुढच्या वर्षी प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. ७ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने सांगितले की, उंची ठरवणे हे न्यायालयाचे नव्हे, विधिमंडळाचे काम आहे. १४ वर्षांखालील मुलांना थरात घेणार नाही, ही राज्य सरकारची हमी मात्र न्यायालयाने नोंदवून घेतली.

आज स्थिती तीच आहे. वयाला खालची मर्यादा आहे, उंचीला वरची मर्यादा नाही. विधिमंडळाने उंचीचा कायदा केला नाही. २०१५ मध्ये दहीहंडीला साहसी खेळ म्हटले गेले. २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत खेळाचा दर्जा, क्रीडा कोट्यातून नोकरीची संधी आणि अपघातग्रस्तांना मदत जाहीर केली. २०२३ मध्ये वरळीच्या डोममध्ये पहिली ‘प्रो गोविंदा’ स्पर्धा झाली. उत्सवाचा असा व्यावसायिक खेळ होत गेला. पण त्या खेळाचे सर्वांना लागू होणारे नियमपुस्तक अजून गल्लीपर्यंत पोहोचलेले नाही.

उंची आणि वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत का?

सरकार आणि पथके तसे मानतात. म्हणूनच ‘उंची कितीही, वय मात्र चौदाच्या वर’ हा तोडगा सगळ्यांना सोयीचा वाटला. पण थर लावणाऱ्या कुणालाही विचारा, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

मनोऱ्यात वरच्याचे सगळे वजन खाली उतरत येते. पायात पन्नास-शंभर माणसे घेता येतात, कारण तिथे जागा असते. वर जावे तशी माणसे कमी होतात आणि शेवटच्या तीन-चार थरांत उभे राहायला जागाच उरत नाही. सर्वांत वरचा एक्का ६० किलोचा असेल, तर ते ६० किलो खालच्या प्रत्येक थराच्या खांद्यावर येतात. तोच २५-३० किलोचा असेल, तर एक थर जास्त लावता येतो. चार-पाच थरांपर्यंत वर सडपातळ तरुण चालतो. आठ-नऊ थर म्हटले की वर हलके मूल लागते आणि दहा थरांना ते आणखी हलके लागते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा झपाट्याने वाढतो. गेल्या वर्षीचा एक्का यंदा जड झालेला असतो, म्हणून पथकाला दर दोन वर्षांनी नवे लहान मूल शोधावे लागते.

थोडक्यात, उंचीला बक्षीस लावायचे आणि वयाला मर्यादा घालायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एक हात मुलाला वर ढकलतो आणि दुसरा कागदावर ‘नको’ लिहितो. दहिसरचे मूल अकरा वर्षांचे होते, ते पथकाच्या बेफिकिरीने तिथे होते हे खरे. पण जो हिशेब त्याला तिथे घेऊन गेला, तो एकट्या त्या पथकाचा नाही.

आणखी एक गणित आहे, आणि ते २० फुटांच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडचणीचे आहे. ४० फुटांवरून खाली येणारे शरीर जमिनीवर साधारण ताशी ५५ किलोमीटर वेगाने आदळते. २० फुटांवरून पडले तर हा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. मोटारसायकलवरून त्या वेगाने, हेल्मेटशिवाय, डांबरी रस्त्यावर डोके आपटले तर काय होते, हे मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. म्हणजे २० फूट हा आकडा सुरक्षित नाही, फक्त कमी धोक्याचा आहे. गादी आणि हेल्मेट नसेल तर चार थरही जीव घेऊ शकतात.

आइस हॉकीतल्या मारामारीचा इथे काय संबंध?

‘हा धोकाच खेळाचा आत्मा आहे, तो काढला तर बघायला येणार कोण?’ हा युक्तिवाद फक्त आपला नाही. तो सर्वांत जोरात चालतो कॅनडा आणि अमेरिकेतल्या आइस हॉकीत. तिथल्या ‘एनएचएल’ या व्यावसायिक लीगमध्ये दोन खेळाडू हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे मारू लागले, तर पंच लगेच मध्ये पडत नाहीत. एक जण खाली पडला की सोडवतात आणि दोघांना पाच मिनिटे बाहेर बसवतात. मग दोघे पुन्हा खेळायला येतात. फुटबॉलमध्ये ज्याला थेट लाल कार्ड मिळाले असते, ते इथे पाच मिनिटांत मिटते. या वर्षी फेब्रुवारीत अमेरिका-कॅनडा सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या आणि प्रेक्षकांनी घर डोक्यावर घेतले.

समर्थक सांगतात की मारामारीमुळेच खेळ सुरक्षित राहतो. कुणी आमच्या चांगल्या खेळाडूला पाठीमागून धडक दिली, तर आमचा पैलवान त्याला बघून घेईल, या धाकाने लोक जपून खेळतात. म्हणून प्रत्येक संघ असा एक पैलवान बाळगत असे. गोल करणे हे त्याचे काम नव्हतेच. त्यांच्यापैकी डेरेक बूगार्ड २०११ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी वारला. डोक्यावर वारंवार आघात झाल्याने मेंदूला होणारा आजार त्याच्या मेंदूत आढळला. त्यानंतर बंदीची मागणी जोरात आली. एनएचएलने बंदी घातली नाही.

तरीही मारामाऱ्या कमी झाल्या. २००८-०९च्या हंगामात त्या सातशेहून अधिक होत्या, आता हंगामाला तीनशेच्या आसपास आहेत. याचे मोठे कारण खेळाच्या वेगात आणि पगाराच्या हिशेबात आहे. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली आणि खेळ वेगवान झाला, तेव्हा ज्याला फक्त ठोसे मारता येतात अशा माणसासाठी जागा आणि पैसा खर्च करणे परवडेनासे झाले. मारामारीला मोल उरले नाही, म्हणून ती घटली. किशोरवयीन खेळाडूंच्या बाबतीत मात्र क्विबेक प्रांताने वाट पाहिली नाही. तिथल्या ज्युनियर लीगने २०२३-२४पासून मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढायचा नियम केला, आणि त्यामागे प्रांतिक सरकारचा दबाव होता.

दहीहंडीला यातल्या दोन्ही गोष्टी लागू पडतात. मोठ्यांच्या बाबतीत बक्षिसाचे गणित बदलावे लागते. मुलांच्या बाबतीत गणित बदलायची वाट पाहत बसता येत नाही.

मग सरळ बंदीच का नको?

कारण ती पाळली जात नाही, हे आपण २०१६ मध्ये पाहिले. सर्वोच्च न्यायालयाचा २० फुटांचा आदेश असताना ठाण्यात नौपाड्याला मनसेने नऊ थरांची हंडी लावली आणि थर लागलेही. गुन्हे दाखल झाले. पण आदेश मोडणे हाच त्या वर्षीचा पराक्रम ठरला, आणि ज्याच्यावर गुन्हा त्याचे फलक लागले. ज्या बंदीने मोडणाऱ्याचे नाव मोठे होते, ती राबवायला कोणता पोलीस निरीक्षक पुढे येईल?

गोव्याचा अनुभवही ध्यानात घ्यावा. तिथे धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद केल्या. त्या थांबल्या नाहीत. आडबाजूच्या शेतात, फोनवर निरोप देऊन चालू राहिल्या, आणि यंदाच्या पावसाळी अधिवेशनात आमदारांनी त्या कायदेशीर करण्याची मागणी केली. चोरून होणाऱ्या झुंजीत डॉक्टर नसतो, कुंपण नसते आणि सट्टा मात्र असतो. दहीहंडी उद्या चोरून लावली जाणार नाही, ती लपवण्याची गोष्ट नाही. पण सराव चोरून होऊ शकतो. आणि दहिसरने दाखवले आहे की जीव सरावातही जातो.

बंदीच्या विरोधात पथके आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो टाकाऊ नाही. चाळीतल्या, वस्तीतल्या मुलांना वर्षातून एकदा सगळे शहर मान वर करून पाहते, असे दुसरे काय आहे? जिमची फी न परवडणारी मुले दोन महिने व्यसनापासून दूर राहून सराव करतात. हे खरे आहे. मात्र या मुलांच्या जिवावर फलकावर ज्यांचा फोटो लागतो, ते स्वतः मंचावर असतात. थरात नसतात.

दुसरीकडे असे मनोरे लावतात, तिथे काय करतात?

स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात ‘कास्तेल’ नावाचे मानवी मनोरे दोनशेहून अधिक वर्षे लावले जातात. तिथेही नऊ-दहा थर लागतात आणि तिथेही सर्वांत वर लहान मूल चढते. ही गोष्ट लपवून त्यांचे कौतुक करण्यात अर्थ नाही. २००६ मध्ये मातारो गावात पडून एका १२ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांना खास बनवलेले मऊ हेल्मेट सक्तीचे झाले. परंपरेचे रूप बिघडेल अशी ओरड तिथेही होती. आज हेल्मेटशिवाय मूल दिसले तर लोकच अस्वस्थ होतात. २०१० मध्ये युनेस्कोने या मनोऱ्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते हेल्मेटसह.

पण हेल्मेटपेक्षा मोलाची गोष्ट त्यांच्या गुणपद्धतीत आहे. तिथल्या स्पर्धेत मनोरा वरपर्यंत लागला आणि उतरताना कोसळला, तर गुण कमी मिळतात. लागून सुखरूप उतरला तरच पूर्ण गुण. त्यामुळे आपल्या आवाक्याबाहेरचा थर लावून नशिबावर हवाला ठेवण्यात फायदा राहत नाही. शिवाय पायाभोवती शेकडो माणसे दाटीने उभी राहतात. ती खालच्यांना आधार देतात आणि वरून पडणाऱ्याला झेलतातही.

आपल्याकडे आयोजकागणिक नियम वेगळे. सलामी दिली, टाळ्या पडल्या, निवेदकाने थर मोजले की बहुतेकदा काम झाले. उतरताना काय होते याकडे कॅमेरा पाहत नाही.

विमा आहे, मग काळजी कशाची?

राज्य सरकारने यंदा दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला. २०२३ मध्ये हा आकडा ५० हजार होता आणि २०२४ मध्ये ७५ हजार. मृत्यू झाल्यास १० लाख रुपये. ही चांगली गोष्ट आहे आणि तिच्यासाठी पथकांनी बरीच वर्षे पाठपुरावा केला आहे. पण विमा अपघातानंतर येतो. आणि ज्याला नियमाने थरावर चढताच येत नाही, त्या चौदा वर्षांखालच्या मुलाचे नाव विम्याच्या यादीत टाकायचे कसे? ज्याला सर्वांत जास्त धोका, तोच कागदावर नसतो.

चिंचणी-बोईसर-तारापूरकरांनी याकडे कसे पाहावे?

लाखांच्या हंड्या मुंबई-ठाण्यात. आपल्याकडच्या बहुतेक हंड्या गल्लीतल्या, नाक्यावरच्या, चार-पाच थरांच्या. म्हणून धोका कमी असे वाटते. वर दिलेला ताशी ३९ किलोमीटरचा आकडा त्यासाठीच दिला आहे. चार थरांवरून पडणाऱ्याला हंडी किती लाखांची होती याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढच्या तासाभराने. मुंबईत थरावरून पडलेला गोविंदा थोड्या वेळात केईएम, सायन किंवा नायरला पोहोचू शकतो. बोईसरमध्ये डोक्याला जबर मार लागला, तर रुग्णाला मुंबई, वापी किंवा सिल्वासाला हलवावे लागते. मुंबई इथून शंभरेक किलोमीटर. पावसाळ्यातला महामार्ग आणि मनोरची कोंडी यांची कहाणी इथे पुन्हा सांगत नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाला एवढा वेळ नसतो. त्यामुळे ज्या सुरक्षेशिवाय मुंबईतले पथक कसेबसे निभावून नेते, तिच्याशिवाय पालघर जिल्ह्यातल्या पथकाने थर लावणे अधिक महागात पडू शकते.

आणि एक विसंगती याच पट्ट्यात दिसते. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात उंचीवर काम करायचे तर आधी परमिट लागते, सेफ्टी बेल्ट लागतो, हेल्मेटशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. निदान नियम तसा आहे आणि अपघात झाला की मालकाला जाब विचारला जातो. तोच कामगार शिफ्ट संपवून संध्याकाळी सरावाला जातो, तेव्हा खांद्यावर माणूस घेऊन, डोक्यावर काही नसताना, काँक्रीटच्या रस्त्यावर उभा राहतो. कारखान्यात ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, त्याला मैदानात आपण जोश म्हणतो.

मग करायचे काय?

उंचीचा आकडा कायद्यात लिहून प्रश्न सुटणार नाही, असे आमचे मत आहे. लिहायचे असेल तर बक्षिसाबद्दल लिहावे. थर सुखरूप उतरले तरच पूर्ण रक्कम, कोसळले तर निम्मी, आणि चौदा वर्षांखालचे मूल दिसले तर रक्कम शून्य व आयोजकाला पुढच्या वर्षी परवानगी नाही. आज कारवाई झालीच तर ती पथकावर होते. ज्याने २५ लाखांचा फलक लावून दहा थरांना निमंत्रण दिले, तो बक्षीस देऊन मोकळा होतो. त्याच्यावर जबाबदारी टाकली, तर वयाचा दाखला मंचावरच तपासला जाईल. पोलिसांना गर्दीत शिरून एक्क्याचे वय विचारत बसावे लागणार नाही.

सरावाचे काम मात्र आयोजकाकडून होणार नाही, कारण तिथे तो नसतोच. ते स्थानिक पातळीवरच करावे लागेल. विम्यासाठी पथकांची नावे तशीही नोंदवली जातात. त्या नोंदणीतच सरावाची जागा आणि वेळ लिहून घ्यावी. शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे मातीचे मैदान दोन महिने संध्याकाळी खुले करून द्यावे आणि तालुक्याला निदान एक जाड गाद्यांचा संच ठेवावा. एका मोठ्या हंडीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च फार नाही. पुढच्या वर्षी दहीहंडी सप्टेंबरात आहे, म्हणजे सराव जुलैत सुरू होईल. गाद्यांची मागणी करायची असेल तर ग्रामसभेत ती त्याआधी मांडावी लागेल.